एक संगणक, अनेक आवृत्त्या

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात जव्हार येथे झालेले भाषण)



चिटणिसांच्या पत्रात मजकडून ‘विद्यार्थिवर्गास उपयोगी पडेल असा संगणकासंबंधीचा एखादा विषय’ मागितलेला होता. संगणकावर कोणी बोलावयास उभा राहिला म्हणजे श्रोत्यांचे लक्ष बहुधा भविष्यकाळाकडे लागते. यंत्र उद्या काय काय करील, कोणाच्या नोकऱ्या जातील, कोणाच्या राहतील, हे ऐकावयास सर्वांस आवडते. माझा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. एकाच संगणकावर एकाच प्रोग्रामिंग भाषेच्या दोन, तीन किंवा चार आवृत्त्या असतील तर त्या कशा नांदवाव्यात, एवढेच मी सांगणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु याच क्षुल्लक गोष्टीपायी आपल्या शिक्षण फंडाच्या हिशेबात काही सभासदांची विनाकारण नाचक्की झाली होती, हे येथील पुष्कळांस ठाऊक आहे. त्या वेळी नेमके काय घडले हे मात्र फारच थोड्यांस कळले. ते कळावे, हाही माझ्या बोलण्याचा एक हेतू आहे.

संगणकास काम सांगावयाचे म्हणजे त्याला समजेल अशा भाषेत आज्ञांची मालिका लिहून द्यावी लागते. या मालिकेस आपण प्रोग्राम म्हणतो. अशा भाषा अनेक आहेत. आज आपल्या मुलांच्या अभ्यासात जी सर्वांत अधिक येते तिचे नाव पायथन. ख्विडो व्हान रोस्सम या डच गृहस्थांनी ती निर्माण केली आणि १९९१ साली प्रथम लोकांसमोर ठेविली. नावाचा अर्थ अजगर असला तरी अजगराशी तिचा संबंध नाही. इंग्लंडातील एका विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या नावावरून ते घेतलेले आहे. असो.

पुस्तकाची जशी दुसरी, तिसरी आवृत्ती निघते तशीच भाषेचीही निघते. मात्र येथे एक भेद आहे. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली म्हणून आपल्या कपाटातील जुन्या प्रतीतली अक्षरे बदलत नाहीत. संगणकावर तसे नसते. जुन्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम नव्या आवृत्तीच्या स्वाधीन केला, तर शब्द तेच राहूनही त्यांचा अर्थ बदलू शकतो. पायथनची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी बाहेर पडली तेव्हा तिच्या कर्त्यांनी हे जाणूनबुजून केले. भाषेतील काही जुने दोष जुन्या प्रोग्रामांस धक्का लावल्यावाचून काढता येण्यासारखे नव्हते. तेव्हा धक्का लागला तरी चालेल, पण दोष काढू, असे त्यांनी ठरविले. लोकांनी एकदम घर बदलावे अशी अपेक्षा करणे शक्य नव्हते. म्हणून २०१० साली दुसऱ्या शाखेची २.७ ही अखेरची आवृत्ती काढून तिला दीर्घ मुदत देण्यात आली. ती मुदत १ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ हा तिचा शेवटचा अंक निघाला. म्हणजे सुमारे अकरा वर्षे थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी चालत होत्या. पुढे तिसऱ्या शाखेतच दरवर्षी ऑक्टोबरात एक नवी आवृत्ती येऊ लागली. आपल्याकडे हळवे भात कापणीस येते त्याच सुमारास ती येते, हा केवळ योगायोग.

आकड्यांविषयी एक सूचना येथेच देऊन ठेवितो. ३.९ नंतर ३.१० येते आणि ती ३.९ हून नवी असते. हे दशांश अपूर्णांक नव्हेत. अध्याय आणि श्लोक यांचे क्रमांक जसे वाचावे तसे ते वाचावयाचे. तिसऱ्या अध्यायातील दहावा श्लोक नवव्यानंतरच येणार. हे न कळल्यामुळे ३.१० ऐवजी ३.१ समजून चालणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि विद्यार्थीच कशाला, तशी गफलत करणारे प्रोग्रामही पाहिले आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. एका संगणकावर दोन पायथन असताना आपण केवळ ‘पायथन’ अशी हाक मारली, तर ओ कोण देईल?

आपल्या ज्ञातीत आडनावे मोजकी आणि नावे त्याहून मोजकी. कोणत्याही पाड्यावर जाऊन ‘अहो, रामभाऊ’ अशी हाक मारली तर दोन-तीन घरांतून ओ येण्याचा संभव असतो. त्यातही ज्याचे घर वाटेवर पहिले लागते तोच प्रथम बाहेर येतो. संगणकाची रीत तंतोतंत हीच आहे. त्याच्यापाशी फोल्डरांची एक क्रमवार यादी असते. तिला पाथ असे नाव आहे. हाक ऐकली की तो यादीतील पहिल्या घरापासून शोध सुरू करतो आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याच्याकडे काम सोपवितो. पुढच्या घरी त्याच नावाचा दुसरा कोणी आहे काय, आणि काम खरे तर त्याचे होते काय, याची तो चौकशी करीत नाही. नवी आवृत्ती बसविताना विंडोजवर एक लहानशी चौकट दिसते. तीत खूण केली की नवे घर यादीत अगदी पुढे जाऊन बसते. कालपर्यंत ज्या हाकेला जुना ओ देत होता तिला आज नवा ओ देतो, आणि हा बदल झाल्याची वर्दी कोणासही मिळत नाही.

आता फंडाची हकीकत सांगतो. आपल्या शिक्षण फंडातून गरजू विद्यार्थ्यांस बिनव्याजी कर्ज मिळते आणि त्याची फेड मासिक हप्त्यांनी होते. या हप्त्यांचा हिशेब ठेवणारा एक छोटासा प्रोग्राम आपल्यातीलच एका होतकरू तरुणाने पायथनच्या २.७ आवृत्तीत लिहून दिला होता. तो तरुण पुढे नोकरीनिमित्त दूर गेला. प्रोग्राम मात्र कुरकुर न करता चालत राहिला. २०२० नंतर केव्हातरी कार्यालयातील संगणक मंदावला म्हणून दुरुस्तीस दिला. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी सद्भावनेनेच ‘जुने, कालबाह्य’ असे जे जे दिसले ते काढून टाकिले आणि त्या जागी पायथनची नवी आवृत्ती बसविली. हिशेबाचा प्रोग्राम अर्थातच चालेना; तेव्हा त्यांनी तो टूटूथ्री नावाच्या उपकरणातून काढिला. जुन्या पायथनचे लिखाण नव्या धाटणीत करून देणारे हे उपकरण त्या काळी पायथनबरोबरच मिळे, ३.१३ आवृत्तीपासून ते वगळण्यात आले आहे. प्रोग्राम चालू लागला. पडद्यावर एकही दोष दिसला नाही. सर्वांस समाधान वाटले.

त्यानंतर पहिली थकबाकीदारांची यादी निघाली आणि प्रघाताप्रमाणे फलकावर लागली. तीत ज्यांची नावे होती त्यांनी आयुष्यात कोणाचा पैसा बुडविला नव्हता. मोखाड्याकडील एक वृद्ध आत्याबाई नातवाच्या कर्जाचे हप्ते स्वतः येऊन भरीत असत. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. साऱ्या पावत्या पदरात बांधून त्या आल्या आणि खजिनदारांसमोर एकेक पावती मांडून म्हणाल्या, “भाऊ, यातली कोणती कमी आहे ते दाखवा. आज भरते आणि मग घरी जाते.” एकही कमी नव्हती. खजिनदारांनी बोटांवर, कागदावर, सर्व प्रकारे मोजून पाहिले. यंत्र मात्र म्हणे, बाकी आहे.

दोष कोठे होता, तो पाहा. दहा हजारांचे कर्ज चोवीस महिन्यांत फेडावयाचे. दहा हजारांस चोविसांनी भागिले तर उत्तर ४१६ रुपये आणि वर सुमारे ६७ पैसे. परंतु पायथनच्या दुसऱ्या शाखेत पूर्णांकास पूर्णांकाने भागिले की उत्तरही पूर्णांकच येई. शेष टाकून दिला जाई. म्हणून हप्ता ठरला ४१६ रुपयांचा, तेवीस हप्ते तसे घ्यावयाचे आणि शेवटचा ४३२ रुपयांचा घेऊन हिशेब मिटवावयाचा, अशी योजना त्या तरुणाने विचारपूर्वक केली होती. तिसऱ्या शाखेत हाच भागाकार अपूर्णांकासह होतो. एक वर्ष सरले. आत्याबाईंनी बारा हप्त्यांचे ४,९९२ रुपये भरले होते. नव्या आवृत्तीच्या मते ५,००० रुपये यावयास हवे होते. बाकी आठ रुपये. यादीत रक्कम छापण्याची सोय नव्हती, केवळ नावे छापली जात. त्यामुळे आठ रुपयांचा थकबाकीदार आणि आठ हजारांचा थकबाकीदार एकाच ओळीत, एकाच शाईत बसले.

उलगडा झाला तोही एका लहानशा निरीक्षणावरून. ज्यांनी बारा हजारांचे कर्ज चोवीस महिन्यांसाठी घेतले होते त्यांपैकी एकाचेही नाव यादीत नव्हते. त्यांचा हप्ता नेमका पाचशे रुपयांचा. भागाकारास शेषच उरत नाही. ज्यांच्या भागाकारास शेष उरत होता तेवढेच लोक बदनाम झाले होते. टूटूथ्रीचा यात दोष धरता येत नाही. छापण्याच्या आज्ञेची बदललेली रूपे ते बिनचूक सुधारते. परंतु भागाकाराची तिरकी रेघ दोन्ही आवृत्त्यांत दिसावयास सारखीच असते, आणि लिहिणाऱ्यास शेष हवा होता की नको होता, हे त्या उपकरणाने कसे ओळखावे? दोन तिरक्या रेघा लागोपाठ काढिल्या तर दोन्ही शाखांत शेष टाकूनच भागाकार होतो. ती सोय फार पूर्वीपासून होती. पण तिचा उपयोग करावा असे २.७ मध्ये लिहिणारास सहसा वाटत नसे, कारण एका रेघेने काम भागत होते.

माझ्या मते या सर्व प्रकरणात जुनी आवृत्ती कालबाह्य झालेली असणे हा अपराध नव्हता, आणि नवी बसविणे हाही नव्हता. अनर्थ झाला तो जुनी काढून टाकल्यामुळे. जुनी तेथेच असती तर एकाच महिन्याची यादी दोन्ही आवृत्त्यांवर काढून पाच मिनिटांत ताडून पाहता आली असती. नव्याची परीक्षा जुन्यासमोरच घेता येते; परीक्षकालाच घराबाहेर काढल्यावर उत्तरपत्रिका कोणी तपासावयाची? शेवटी आम्ही तेच केले. २.७ पुन्हा आणून त्याच संगणकावर नव्याच्या शेजारी बसविली, हिशेब काही महिने तिच्यावरच चालविला, आणि दरम्यान प्रोग्राम ओळीओळीने सुधारून दोन्हीकडच्या याद्या जुळवून पाहिल्या. तीन महिने लागोपाठ याद्या एकसारख्या निघाल्यावरच जुनीला रजा दिली. फलकावर दिलगिरीचे निवेदन लागले. ते यादीइतके लोकांनी वाचले नाही, हे मात्र खरे.

या गोष्टीतून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की जुने तेच बरे. नव्याची आपल्याला गरज होती, आणि ती मराठी माणसाला विशेष होती. ‘जव्हार’ हे नाव घ्या. आपण तीन अक्षरे वाचतो. तिसऱ्या शाखेच्या पायथनला त्याची लांबी विचारली तर तो सहा सांगतो, कारण ज, व, हलन्त, ह, काना आणि र अशी सहा चिन्हे तो मोजतो. दुसऱ्या शाखेस तोच प्रश्न साधेपणाने विचारला तर ती अठरा सांगे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठविण्यास यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि ती चिन्हांऐवजी बाइट मोजी. नावापुढे वेगळी खूण करून तिला अक्षरांची जाणीव करून देता येत असे. परंतु हे इतके विसरले जाई की पावतीवरील रकान्यात बसावे म्हणून नाव दहावर तोडले तर चौथे चिन्ह मध्येच चिरले जाऊन शेवटी एक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटे. आपल्या फंडाच्या जुन्या वहीत सर्व सभासदांची नावे इंग्रजी लिपीत का होती, याचे कारण हेच. नव्या आवृत्तीत ती देवनागरीत आली. इतकेच नव्हे, प्रोग्रामातील राशींची नावेही ‘हप्ता’, ‘बाकी’ अशी मराठीत ठेवता येतात. आत्याबाईंच्या पावतीवर त्यांचे नाव त्यांना वाचता येईल अशा लिपीत छापले गेले ते तिसऱ्या शाखेमुळे.

तेव्हा दोन्ही हव्यात आणि दोन्ही निराळ्या हव्यात. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. उतारावरच्या, पाणी न थांबणाऱ्या खाचरात तो हळवे भात लावतो. मधल्या जमिनीत निमगरवे. आणि जेथे पाणी साचून राहते अशा खोलगट खाचरात गरवे. तिन्ही भातेच. परंतु त्यांची बियाणी एका कणगीत ओतणारा शेतकरी मी अद्याप पाहिला नाही. रोपांचे वाफेही निराळे असतात. रोपे मिसळली तर लावणीच्या वेळी काहीच कळत नाही, कारण कोवळेपणी सारी हिरवी आणि सारखीच दिसतात. कळते ते आश्विनात, जेव्हा निम्मे शेत पिकून दाणे झडू लागतात आणि निम्मे अजून दुधात असते. संगणकावरील घोटाळाही असाच पेरणीच्या वेळी दिसत नाही.

पंचायत तेवढी एकच की शेतकरी एका घरात तीन कणग्या ठेवितो त्याबद्दल त्याला कोणी जुनाट म्हणत नाही. संगणकावर मात्र दोन आवृत्त्या दिसल्या की ‘कचरा साफ करा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले. पुढे आपण ठाणे जिल्ह्यात होतो. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहो. म्हणून ज्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जिल्हा ठाणे’ आहे त्यांनी तो फाडून टाकावा असे कोणी म्हणत नाही. ज्या काळचा कागद त्या काळच्या नावाने वाचावयाचा, हे आपल्याला अंगवळणी पडलेले आहे.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे येतो. तरुण मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे. वडीलधाऱ्यांस कंटाळा आल्यास क्षमा असावी.

ज्यांच्या घरी विंडोज आहे त्यांस फारशी यातायात नाही. २०१२ मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीपासून पायथनबरोबर एक लहानसा द्वारपाल मिळू लागला. आज्ञेत त्याचे नाव केवळ ‘पाय’ एवढेच लिहावयाचे. पाय, एक आडवी रेघ आणि तिला लागून आवृत्तीचा अंक लिहिला की तो नेमकी तीच आवृत्ती बोलावून आणितो. याहून चांगली सोय अशी की प्रोग्रामाच्या पहिल्याच ओळीत आवृत्तीचे नाव लिहून ठेविले असता द्वारपाल ती ओळ वाचून त्याप्रमाणे वागतो. म्हणजे चालविणाऱ्यास काही ठाऊक नसले तरी चालते. लिहिणाऱ्याचा हेतू प्रोग्रामाबरोबरच राहतो. आपल्या हिशेबाच्या प्रोग्रामात ही एक ओळ असती, तर २.७ काढून टाकल्यावर तो प्रोग्राम कोणती आवृत्ती मागत आहे हे ती ओळ वाचणाऱ्यास दिसले असते.

लिनक्स वापरणाऱ्यांस मात्र एक कडक इशारा. तेथे पायथन केवळ तुमच्यासाठी नसतो. संगणकाच्या स्वतःच्या घरकामातील पुष्कळ भाग त्याच्यावर चालतात. तो घरातील मुख्य खांब समजा. त्याच्या जागी हौसेने दुसरी आवृत्ती बसविल्यामुळे आज्ञा लिहावयाची खिडकीच उघडेनाशी झाली, नवे काही बसविण्याची यंत्रणाच कोलमडली, अशी उदाहरणे पुष्कळ झाली आहेत. म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या यंत्रणेने स्वतःच बंदोबस्त केला: मूळ पायथनमध्ये बाहेरचे सामान घालू लागलात तर ती सरळ नकार देते. मुले हा नकार टाळण्याची युक्ती शोधून काढतात आणि आपण मोठे काम केले असे समजतात. त्यांनी तसे करू नये. खांबाला हात न लावता अंगणात आपले खोपटे वेगळे उभारावे.

हे खोपटे म्हणजे व्हेन्व. प्रत्येक कामाच्या फोल्डरात त्या कामापुरते निराळे सामान ठेवण्याची ही व्यवस्था. इयन बिकिंग यांनी २००७ साली व्हर्च्युअलएन्व्ह या नावाने ती प्रथम उपलब्ध केली आणि २०१२ पासून तिचे साधे रूप पायथनमध्येच अंतर्भूत झाले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या खोपट्यात पायथन संपूर्ण नसतो, कोणत्या मूळ पायथनच्या आधारावर ते उभे आहे याची नोंद एका छोट्या फाइलीत असते. मूळ आवृत्ती काढून टाकली की तिच्यावर उभी असलेली सारी खोपटी एकदम पडतात. तसेच ते उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येत नाही, कारण त्यात या संगणकावरील पत्ते कोरलेले असतात. न्यावयाची ती सामानाची यादी. तिच्यावरून तिकडे नवे उभारावे. पेनड्राइव्हवर अख्खे फोल्डर भरून नाशिकच्या वसतिगृहात जाणारी आणि तेथे ते चालत नाही म्हणून हिरमुसणारी मुले मला दरवर्षी भेटतात.

ज्यांना चार-पाच आवृत्त्या लागतात त्यांच्यासाठी लिनक्सवर पायएन्व्ह आहे. रूबी भाषेसाठी केलेल्या आरबीएन्व्ह या साधनावरून ते घेतले. त्याची युक्ती अशी की पाथच्या यादीत सर्वांच्या पुढे ते स्वतः बसते; हाक कोणाचीही असो, प्रथम ते ऐकते, मग चालू फोल्डरातील एका ओळीची चिठ्ठी वाचून योग्य त्या आवृत्तीकडे काम पाठविते. पाड्याच्या तोंडाशी बसलेला जाणता म्हातारा जसा ‘कोणता रामभाऊ, धोंडूचा की लक्ष्मणाचा?’ असे विचारून माणसाला योग्य घरी पाठवितो, तसे. चिठ्ठीत फक्त आवृत्तीचा अंक असतो. तिची किंमत फार आहे. मात्र पायएन्व्ह प्रत्येक आवृत्ती मूळ लिखाणापासून तुमच्याच संगणकावर तयार करते; त्यासाठी निराळी हत्यारे आधी बसवावी लागतात आणि जुन्या यंत्रावर बराच वेळ जातो. पावसाळ्यात वीज मध्येच गेली की पुन्हा पहिल्यापासून. २०२४ मध्ये आलेले यूव्ही नावाचे साधन तयार केलेलीच आवृत्ती उतरवून घेते आणि आवृत्त्या व खोपटी दोन्ही सांभाळते. आपल्यासारख्यांस ते अधिक सोयीचे, असे माझे मत झाले आहे. जावा, नोड वगैरे भाषांसाठीही अशीच साधने आहेत. तत्त्व एकच असल्याने त्यांचा विस्तार करीत नाही.

आपल्या भागापुरती एक वेगळी अडचण आहे आणि तिच्यावर शहरातील पुस्तके काही सांगत नाहीत. आपल्या वसतिगृहाच्या खोलीत जे संगणक आहेत ते सभासदांनी वापरून झाल्यावर दिलेले आहेत. त्यांतील काहींवर अद्याप विंडोज ७ आहे. त्यावर पायथनची ३.८ ही शेवटची आवृत्ती चालते, ३.९ पासून पुढची बसतच नाही. महाविद्यालयाने नवी आवृत्ती नेमली म्हणून मुलगा ती बसवू पाहतो, बसत नाही, आणि आपल्यातच काही उणीव आहे असे समजून गप्प राहतो. त्याला कोणीतरी सांगावयास हवे की उणीव त्याच्यात नाही. बहुतेक प्राथमिक अभ्यास ३.८ वर निर्वेधपणे होतो. ज्याला नवी हवीच त्याच्यासाठी त्याच जुन्या यंत्रावर लिनक्स बसविता येते. जुन्या आवृत्त्यांस सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत हे खरे आहे, यास्तव २.७ किंवा विंडोज ७ असलेली यंत्रे आंतरजालास जोडू नयेत. हिशेबाच्या कामास आंतरजालाची गरजही नसते.

दुसरी अडचण मोखाडा, खोडाळा या बाजूच्या पाड्यांतील. तेथे मोबाइलचा संकेत टेकाडावर मिळतो आणि घरात मिळत नाही. आवृत्ती उतरविण्यास मुलाला अर्धा दिवस रानात उभे राहावे लागू नये, म्हणून मी कार्यकारी मंडळास एक सूचना लेखी दिली आहे आणि अध्यक्षमहाराजांनी ती मान्य केली आहे. वसतिगृहाच्या कार्यालयात एक पेनड्राइव्ह राहील. त्यावर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या २.७.१८, ३.८ आणि त्यापुढील आवृत्त्या विंडोज व लिनक्स दोहोंसाठी असतील. प्रत्येकीची खूणगाठ, म्हणजे फाइल मध्ये कोणी बदललेली नाही हे पडताळण्याचा अंक, सोबतच्या कागदावर छापलेला असेल. नाव नोंदवून कोणीही विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी ती दोन दिवसांसाठी घरी नेऊ शकेल.

पेनड्राइव्हबरोबर एक साधी वहीही ठेविली आहे. मंडळाच्या कामाचा जो जो प्रोग्राम कोणी लिहील, मग तो फंडाचा असो, वधूवर सूचीचा असो की या स्मरणिकेच्या वर्गणीदारांचा, त्याचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, कोणत्या आवृत्तीत लिहिला तो अंक आणि तारीख, असे चार रकाने तीत आहेत. फंडाच्या प्रोग्रामाची नोंद मी केली आहे. वधूवर सूचीचा प्रोग्राम कोणी व कशात लिहिला हे अद्याप कळलेले नाही. येथे बसलेल्यांपैकी कोणास ठाऊक असल्यास त्यांनी भोजनापूर्वी कार्यालयात येऊन तेवढे सांगावे, म्हणजे त्या संगणकाची दुरुस्ती त्यानंतरच करता येईल.